हँग झालेला प्रोग्राम कोणाची वाट बघतोय?

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा फाटा फुटतो त्या कसालसारख्या नाक्यावरच्या गावात संगणक घरापेक्षा दुकानात जास्त राबतो. झेरॉक्सवाल्याकडे तो आधार कार्डाच्या प्रती काढतो, ऑनलाइन केंद्रात शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो आणि सातबारा उतरवून देतो, डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिका आणि दशावताराची हँडबिलं जुळवतो, पतसंस्थेत पासबुक छापतो. जिल्ह्याच्या कचेऱ्या जवळच ओरोसला. तिकडे निघालेल्या माणसाला राहिलेला एखादा कागद वाटेतच पुरा करून हवा असतो. अशा ठिकाणी प्रोग्राम अडकला की समोरची माणसंही अडकतात. "हो हँग झालो, आता काय करूचा?" असं म्हणेपर्यंत हात सीपीयूच्या बटणाकडे गेलेलाही असतो.

बटण दाबल्यावर संगणक बंद होतो हे खरं. पण त्याबरोबर अर्धा भरलेला अर्ज जातो, सेव्ह न केलेली पत्रिका जाते, आणि नेमकी त्याच क्षणी हार्ड डिस्कवर लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते. बहुतेक वेळा एवढ्या टोकाला जायची गरज नसते. अडकलेला असतो एकच प्रोग्राम, बाकीचा संगणक शाबूत असतो. तो प्रोग्रामही बहुधा बिघडलेला नसतो. तो कशाची तरी वाट बघत असतो: प्रिंटरची, पेन ड्राइव्हची, इंटरनेटची, हार्ड डिस्कची, किंवा चक्क तुमच्या उत्तराची. कोणाची वाट बघतोय ते ओळखलं आणि ती अडचण दूर केली, की पुष्कळदा प्रोग्राम आपोआप चालू लागतो. ते कसं ओळखायचं आणि नाहीच सुटलं तर कमीत कमी नुकसानीत बाहेर कसं पडायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. सूचना विंडोज १० आणि ११ गृहीत धरून आहेत.

खिडकी पांढुरकी का होते

तुम्ही माउस दाबता, अक्षर टाइप करता, तेव्हा विंडोज तो प्रत्येक निरोप त्या प्रोग्रामच्या रांगेत लावून ठेवतं. प्रोग्राम एकेक निरोप उचलतो आणि त्याप्रमाणे काम करतो. त्याने सलग पाच सेकंद रांगेकडे पाहिलंच नाही तर विंडोज त्याच्यावर शिक्का मारतं: 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आपण क्लिक केलं की खिडकी पांढुरकी पडते आणि माउसच्या जागी गोल फिरायला लागतो. ही पांढुरकी खिडकी त्या प्रोग्रामची नसतेच. निदान ती बाजूला सरकवता यावी किंवा बंद करता यावी म्हणून विंडोजने तिथे उभं केलेलं ते सोंग असतं. एक्सपीपासून विंडोजची ही पद्धत आहे.

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला कंट्रोलर आत फोनवर गुंतला, तर बाहेरच्यांना उत्तर मिळत नाही, पण म्हणून तो कामावर नाही असं होत नाही. 'नॉट रिस्पॉन्डिंग'चा अर्थ एवढाच. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, हा शिक्का म्हणजे प्रोग्राम मेल्याचा दाखला नव्हे. मोठ्या एक्सेल फाइलचा हिशेब चालू असताना किंवा कोरलमध्ये जड फोटो उघडत असताना पाच सेकंद सहज जातात.

दुसरी, या वेळात तुम्ही जेवढं क्लिक कराल तेवढी रांग वाढू शकते. प्रोग्राम शुद्धीवर आला की ते निरोप एकामागून एक पाळायला लागतो. मग एका प्रतीच्या जागी पाच प्रती निघतात, नाहीतर वैतागून दाबलेली कोपऱ्यातली फुली लागू पडते आणि चांगला सुटलेला प्रोग्राम बंद होतो.

मोबाइललाही हेच लागू आहे. अँड्रॉइडवर अॅपने बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंद दाद दिली नाही की 'वेट' आणि 'क्लोज अॅप' असं विचारणारी चौकट येते. तिथेही पहिल्यांदा 'वेट' निवडणंच शहाणपणाचं.

पहिली दोन मिनिटं

हात माउसवरून काढा आणि हे क्रमाने करा.

१. थांबा. साधं पत्र उघडं असेल तर एक-दोन मिनिटं पुरतात. हजारो ओळींची फाइल, मोठं स्कॅनिंग किंवा व्हिडिओ असेल तर आणखी थोडा वेळ द्या.

२. मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. पांढुरक्या खिडकीतही मजकूर बऱ्याचदा वाचता येतो. अर्जातले आकडे, पत्त्याची ओळ, बिलातली रक्कम फोटोत आली तर पुन्हा विचारायला नको. फोटो काढण्याआधी खिडकी लहान करू नका. लहान करून परत मोठी केली की आत कोरी पाटी दिसण्याची शक्यता असते.

३. मागे लपलेला प्रश्न शोधा. अनेकदा प्रोग्रामने 'सेव्ह करू का?', 'पासवर्ड द्या', 'ही फाइल आधीच आहे, बदलू का?' असं विचारलेलं असतं आणि ती छोटी चौकट दुसऱ्या खिडकीमागे गेलेली असते. उत्तर मिळेपर्यंत मुख्य खिडकी क्लिक घेत नाही. नुसतं 'टिंग' असा आवाज येत राहतो. आल्ट दाबून धरून टॅब दाबा आणि उघड्या खिडक्या एकेक करून बघा. चौकट सापडली तर उत्तर द्या, नाही सापडली तर एस्केप एकदाच दाबून बघा.

४. जोडलेल्या वस्तूंकडे बघा. प्रिंटर चालू आहे का? त्यात कागद आहे का? राउटरचा दिवा लाल आहे का? फाइल गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरूनच उघडली आहे का? पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर लिहिणं-वाचणं चालू आहे, तो उपटू नका. दिवा बराच वेळ स्थिर असेल आणि काहीच हलत नसेल तर तो काढल्यावर प्रोग्राम 'फाइल सापडत नाही' अशी तक्रार करून मोकळा होतो. मूळ उपाय सोपा आहे: पेन ड्राइव्हवरची फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करायची, मगच उघडायची.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

दोन मिनिटांत फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. बहुतेक लोक तो उघडतात ते थेट 'एंड टास्क' दाबायला. त्याआधी अर्धा मिनिट आकडे बघा.

यादीत चालू प्रोग्राम दिसतात आणि प्रत्येकासमोर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने. अडकलेल्या प्रोग्रामच्या ओळीवर नजर ठेवा. मेमरीचा किंवा डिस्कचा आकडा खालीवर होत असेल तर तो काम करतोय, त्याला वेळ द्या. सगळे आकडे शून्यावर आणि मेमरी जिथल्या तिथे असेल तर तो स्वतः काही करत नाही, दुसऱ्या कोणाची तरी वाट बघतोय. तिसरा प्रकार असा: सीपीयूचा आकडा एका जागी खिळलेला, चार कोअरच्या साध्या संगणकावर साधारण २५ टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी काही हलत नाही. म्हणजे चारपैकी एक कोअर पूर्ण गुंतला आहे. मोठा हिशेब चालू असेल किंवा प्रोग्राम एकाच जागी गरगरत असेल. पाच-दहा मिनिटांतही हे चित्र बदललं नाही तर तो सुटण्याची आशा थोडी.

आता वरच्या मथळ्याकडे बघा. डिस्कचा एकूण आकडा १०० टक्के असेल तर एकट्या प्रोग्रामला दोष देऊ नका, सगळेच डिस्कसाठी खोळंबले आहेत. तो रकाना क्लिक केला की डिस्क कोण खातंय ते सगळ्यात वर येतं. पुष्कळदा ते अँटिव्हायरसचं स्कॅनिंग किंवा विंडोजचं अपडेट असतं. ते संपू द्यायचं.

वाट कोणाची बघितली जातेय हे विचारायची सोयही टास्क मॅनेजरमध्येच आहे, पण ती फारशी कोणी वापरत नाही. 'डिटेल्स' या भागात जा, अडकलेल्या प्रोग्रामवर उजवी क्लिक करा आणि 'अॅनालाइझ वेट चेन' निवडा. छोटी खिडकी उघडते आणि हा प्रोग्राम कोणामुळे थांबलाय ते दाखवते. समजा, वर्डमधून पत्रिका छापायला दिली आणि वर्ड गोठला. वेट चेनमध्ये वर्डच्या खाली 'स्पलवॉव६४' असं काही दिसलं तर ओळखायचं की गाडी प्रिंटरपाशी अडली आहे. हा ३२-बिट प्रोग्राम आणि प्रिंटरचा ड्रायव्हर यांच्यामधला मध्यस्थ असतो. त्या खिडकीत त्यालाच खूण करून बंद केलं की वर्ड पुष्कळदा मोकळा होतो आणि मजकूर जागेवर राहतो. वर्डला थेट बंद केलं असतं तर मजकूरही गेला असता.

बंद करायचं तर कोणत्या क्रमाने

नाहीच सुटलं तर सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जा.

आधी खिडकीच्या फुलीवर एकदा क्लिक करा. विंडोज विचारतं, वाट बघू की बंद करू? एकदा वाट बघायला सांगा. दुसऱ्यांदा बंद करा.

फुली लागत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम निवडून 'एंड टास्क'. विंडोज ११ मध्ये हे बटण टास्कबारवरच आणता येतं: सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', त्यात 'फॉर डेव्हलपर्स' आणि तिथे 'एंड टास्क' चालू करा. मग टास्कबारवरच्या चिन्हावर उजवी क्लिक केली की काम होतं. 'एंड टास्क'ने सेव्ह न केलेलं काम जातं, म्हणून तो आधीच्या पायऱ्यांनंतरच.

टास्कबार किंवा स्टार्ट मेनूच गोठला असेल, फाइलींच्या खिडक्या उघडत नसतील, तर यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा. त्याच्यासाठी 'रीस्टार्ट' असं बटण दिसतं. ते दाबलं की टास्कबार क्षणभर जातो आणि परत येतो. चालू असलेली वर्ड-एक्सेलची कामं तशीच राहतात.

यादीत 'सिस्टिम', 'सर्व्हिस होस्ट' अशी नावं असतात. ती ओळखीची नाहीत म्हणून बंद करायला जाऊ नका. विंडोजच त्यांच्यावर उभं असतं.

मॅक वापरत असाल तर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबल्यावर 'फोर्स क्विट'ची यादी येते. उबंटूवर संगणक स्वतःच 'फोर्स क्विट' की 'वेट' असं विचारतो. क्रम तोच, आधी थांबणं आणि मग बंद करणं.

गेलेलं काम परत मिळवताना

बंद पडलेला वर्ड किंवा एक्सेल पुन्हा उघडला की डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी'ची यादी येऊ शकते. घाईघाईत ती बंद करू नका. त्यातली सगळ्यात ताज्या वेळेची प्रत उघडा, तपासा आणि नव्या नावाने सेव्ह करा. जुन्या फाइलवर लगेच चढवू नका, न जाणो, जुनीच जास्त पूर्ण निघायची. यादी आलीच नाही तर 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट' आणि 'रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स' या वाटेने जाऊन बघा.

वर्ड ही प्रत मुळात दर १० मिनिटांनी ठेवतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन तो आकडा २ करा. जुन्या पेजमेकरवर अजून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पान उलटलं की तो आपली छोटी नोंद ठेवतो, त्यामुळे बंद पडलेली फाइल पुन्हा उघडल्यावर बरंच काम परत मिळतं. कोरलड्रॉमध्येही ऑप्शन्समध्ये ऑटो-बॅकअपची सोय आहे, ती चालू आहे ना ते बघा. तरीही परिच्छेद संपला की कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय या सगळ्यांपेक्षा भरवशाची.

प्रिंटरची तुंबलेली रांग

झेरॉक्सच्या दुकानात 'संगणक हँग झाला' या तक्रारीमागे प्रिंटरची तुंबलेली रांग असण्याची शक्यता मोठी. एक खराब पीडीएफ रांगेत पुढे जाऊन बसते, 'डिलीटिंग' असं दाखवत राहते, जात मात्र नाही. मागचं काहीच छापलं जात नाही, आणि प्रिंट देणारा प्रत्येक प्रोग्राम गोठायला लागतो. उपाय असा:

१. प्रिंटर बटणाने बंद करा.

२. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून ती खिडकी उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा, उजवी क्लिक करून 'स्टॉप' दाबा.

३. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. परवानगी मागितली तर द्या. आतल्या फाइली पुसा. फोल्डर मात्र ठेवा.

४. 'प्रिंट स्पूलर' पुन्हा 'स्टार्ट' करा, मग प्रिंटर चालू करा.

यात न छापलेली सगळी कामं पुसली जातात, तेव्हा ती परत द्यावी लागतील हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

आणखी एक. वर्ड आणि एक्सेल उघडताना ठरवून दिलेल्या प्रिंटरची चौकशी करतात. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, तर प्रोग्राम उघडायलाच वेळ लागतो आणि वाटतं की संगणक मंद झाला. प्रिंटर नेहमी चालू नसेल तर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा डिफॉल्ट ठेवा आणि छापताना खरा प्रिंटर निवडा.

वेबसाइट अडकली तर

ऑनलाइन अर्ज भरताना गोल फिरत राहिला तर अडलंय कुठे, हे आधी ठरवा. शेजारच्या टॅबमध्ये दुसरी एखादी साइट उघडून बघा. ती उघडली तर इंटरनेट ठीक आहे, पलीकडचा सर्व्हर व्यस्त आहे. मग इथे संगणक बंद-चालू करून काहीच साधत नाही. शेवटच्या तारखेच्या दुपारी असं होणारच, हे धरून अर्ज आधीच्या दिवसांत, सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा भरा. मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा आणि मग पेस्ट करा, म्हणजे मुदत संपून साइटने बाहेर काढलं तरी मजकूर हातात राहतो.

एकच टॅब अडकला असेल तर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात तेवढाच टॅब बंद करता येतो. चुकून चांगला टॅब बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत आणा, पण त्यातला भरलेला मजकूर परत येईलच असं नाही.

सर्वांत नाजूक वेळ फी भरण्याची. पैसे खात्यातून गेल्याचा मेसेज आला, पण साइट पांढरी पडली, तर पुन्हा भरू नका आणि 'रिफ्रेश'ही करू नका. व्यवहार क्रमांक लिहून घ्या, थोड्या वेळाने त्या साइटवर पुन्हा लॉग-इन करून अर्जाची आणि पैशांची स्थिती बघा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण त्याच्याकडून पावती पक्की झाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायला हवी. व्यवहार क्रमांक जपून ठेवायचा तो यासाठी.

हँग नसलेलं हँग

कधी कधी पूर्ण पडदाभर लाल-निळी पाटी येते. सायरनसारखा आवाज, 'तुमचा संगणक लॉक झाला आहे, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा' असा मजकूर, आणि फुली कुठेच दिसत नाही. हा संगणकाचा बिघाड नाही, फसवणूक आहे. ते पूर्ण पडद्यावर पसरवलेलं एक साधं वेब-पान असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो.

एस्केप दाबून धरा. पान लहान झालं तर बंद करा. नाही झालं तर आल्ट आणि एफ४, किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझरला 'एंड टास्क'. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का, असं विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन करू नका आणि कोणी सांगितलं म्हणून संगणक दुरून चालवू देणारं अॅप टाकू नका. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

अख्खा संगणकच गोठला तर

आधी तपासा, खरंच अख्खा गोठलाय का? कीबोर्डवरचं नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे विंडोज आतून जिवंत आहे. पडदा काळा किंवा स्थिर असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. 'बीप' वाजतो, पडदा क्षणभर विझतो आणि चित्र दाखवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडी कामं सहसा तशीच राहतात.

मग कंट्रोल, आल्ट आणि डिलीट. आयबीएमच्या पहिल्या पीसीसाठी हा त्रिकोण डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने १९८१ मध्ये बसवला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्याच वर्षी. त्या काळी तो दाबला की संगणक थेट नव्याने सुरू व्हायचा, म्हणून चुकून एका हाताने दाबला जाऊ नये अशी बटणं निवडली होती. आजच्या विंडोजमध्ये हा निरोप कोणत्याही प्रोग्रामच्या हाती न जाता थेट विंडोजकडे जातो, त्यामुळे बाकी सगळं अडलं तरी त्याचा पडदा येण्याची शक्यता असते. तिथून टास्क मॅनेजर, 'साइन आउट' किंवा उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावरून 'रीस्टार्ट' करा.

नम लॉकही हलत नाही आणि पाच-दहा मिनिटांत काहीच फरक नाही, तेव्हाच सीपीयूचं बटण. ते साधारण ४ ते १० सेकंद, संगणक बंद होईपर्यंत, दाबून धरा. भिंतीवरचा स्विच बंद करू नका किंवा पिन काढू नका. मात्र पडद्यावर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं असेल तर बटणालाही हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवर अपडेटला खूप वेळ लागू शकतो. पुन्हा सुरू होताना डिस्क तपासणी सुरू झाली तर ती पूर्ण होऊ द्या.

निळा पडदा आला म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसण्याचा. लोकांची कामं जागेवर होती. तेव्हा दुरुस्ती करणारा पहिल्याच वाक्यात "फॉरमॅट मारायला लागेल" म्हणाला, तर आधी डेटा वेगळा काढून घ्यायला सांगा.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

एखाद्या वेळी हँग झाला तर सोडून द्या. रोज होत असेल तर खूण बघून कारण शोधा.

एकच फाइल अडवत असेल तर फाइल खराब आहे. एक्सेलमध्ये 'ओपन'च्या बाणावरून 'ओपन अँड रिपेअर' निवडा. एकच प्रोग्राम अडवत असेल तर वर्ड किंवा एक्सेल उघडताना कंट्रोल दाबून धरा. तो सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून जोडलेल्या जोडण्यांशिवाय उघडतो. तसा नीट चालला तर दोष त्या जोडण्यांचा. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा.

सगळेच प्रोग्राम अडत असतील आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुरुस्ती नंतर, बॅकअप आत्ता. मेमरी भरत असेल तर ब्राउझरचे टॅब कमी करा, आणि ४ जीबी रॅम असेल तर ती वाढवा. दुपारनंतरच त्रास होत असेल आणि पंखा घुंघुं करत असेल, तर आतली धूळ आणि उष्णता तपासून घ्या.

संगणक रोज बंद करता तरी त्रास जात नाही, याला एक साधं कारण असू शकतं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा तसाच गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. पूर्ण नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करा.

दुरुस्तीला नेण्याआधी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. कोणत्या तारखेला कोणता प्रोग्राम कोसळला ते तारीखवार, लाल फुल्यांसह दिसतं. त्याचा फोटो दाखवलात तर नुसतं "हँग होतंय" सांगण्यापेक्षा दुरुस्ती नेमकी होते आणि पैसेही वाचतात.

संगणक नीट चालतोय तेव्हाच करायची कामं

पावसाळ्यात कोकणात लाईट सांगून जात नाही, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळाने तर सिंधुदुर्गात कितीतरी ठिकाणची वीज तोडली. म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी उन्हाळा संपायच्या आत तपासलेली हवी. चालू कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा ऑनलाइन ठेवा. टॅलीचा बॅकअप रोज, त्याच संगणकावर नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा त्यावर पैशांचे व्यवहार चालत असतील तर ११ वर जाण्याची तयारी करा. दुकानात एकाहून जास्त माणसं संगणकावर बसत असतील, तर थांबा, फोटो, आल्ट-टॅब, टास्क मॅनेजर, आणि सगळ्यांत शेवटी बटण, हा क्रम कागदावर छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. नव्याने कामाला लागलेल्या मुलालाही मग कोणाला फोन लावावा लागणार नाही.